नेपच्यूनच्या पुढचं दुकान

त्या माणसानं आमच्या दुकानाच्या पायरीवर खडूनं एक गोल काढला आणि वर मलाच म्हणाला, "जरा बाजूला होता का? इथे नेपच्यून येतोय."

पायरी मी नुकतीच धुतली होती. बादली अजून हातात होती. ती त्याच्या बुटांवर रिकामी करावी असा एक सुंदर विचार मनात येऊन गेला, पण आत बाबा होते. गिऱ्हाइकावर पाणी ओतू नये असं बाबांचं म्हणणं... निदान तो गिऱ्हाईक नाही याची खात्री होईपर्यंत तरी.

"कोण येतोय?" मी विचारलं.

"नेपच्यून. आठवा ग्रह." त्याच्या हातात लांब दांडा होता, दांड्याच्या टोकाला एक चाक आणि चाकावर आकडे दाखवणारी छोटीशी डबी. "वाचनालयाच्या अंगणात सूर्य बसवतायत, साधारण मीटरभर रुंदीचा. तिथून याच रस्त्यानं चालत निघालं की शंभर मीटरवर पृथ्वी, मटारच्या दाण्याएवढी. मग मंगळ, गुरू, शनी... सगळे आपापल्या खऱ्या अंतराच्या हिशेबात. प्रत्येकाला एक खांब. ग्रहपथ म्हणायचं त्याला. आणि शेवटचा खांब हा इथे, तुमच्या दारात."

"आणि तुम्ही कोण?"

"मी मोजणारा," तो म्हणाला, आणि असा हसला की जणू हे जगातलं सगळ्यात भारी काम आहे.

पाऊस भुरभुरत होता. खडूचा गोल हळूहळू पुसट होत चालला होता आणि तो पुन्हा पुन्हा वाकून गिरवत होता. मग त्यानं ती डबी नाकाशी नेली, डोळे बारीक केले, चष्मा वर सरकवला, खाली सरकवला, आणि पुटपुटत आकडा वाचला. चष्मेवाल्याच्या मुलीला असं काही दिसलं की तिचा हात आपोआप शिवशिवतो. माझाही शिवशिवला.

"शेवटचे डोळे कधी तपासलेत?"

"माझे? ठणठणीत आहेत."

"या आत."

"अहो, पण नेपच्यून..."

"तो कुठे पळून जात नाही. या म्हटलं ना."

तपासणीच्या खोलीत मी त्याला खुर्चीवर बसवलं आणि ती जड लोखंडी फ्रेम नाकावर चढवली. समोर आकड्यांचा तक्ता लावला. तो धडाधड वाचायला लागला, एवढ्या आत्मविश्वासानं की ऐकणाऱ्याला वाटावं तक्ताच चुकलाय.

"थांबा. चौथ्या ओळीत शून्य कुठे आहे?"

"ते काय, मधोमध."

"तो आठ आहे."

मी एक काच बसवली, मग दुसरी. "आता सांगा. ही बरी, की ही?"

"दोन्ही छान आहेत."

"छान विचारलं नाही. स्पष्ट कुठली?"

"पहिली परत दाखवाल?" मी दाखवली. "हं... आता तुम्ही स्पष्ट दिसताय."

"मला नका बघू, तक्त्याकडे बघा."

"तक्त्यात बघण्यासारखं काही नाहीये हो."

हे असलं बोलणं मला नवीन नव्हतं. डोळे तपासताना माणसाच्या एवढं जवळ जावं लागतं की एखाद्याला उगाच चेव येतोच. अशा वेळी मी एक जास्तीची काच घालते, म्हणजे समोरचं सगळं धूसर होतं आणि गडी जाग्यावर येतो. त्या दिवशी मात्र मी ती काच घातली नाही. का ते तेव्हा कळलं नाही, किंवा कळूनही मी वळवून घेतलं नाही म्हणा.

मग त्याच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरला. "एक मिनिट... मी आठाचं शून्य करतोय?"

"सर्रास."

"आज बस डेपोपाशी थांबून मी डबीतला आकडा वाचला होता. तिथे शेकड्याच्या घरात आठाऐवजी शून्य दिसलं म्हणून मला वाटलं अजून आठशे मीटर जायचंय. म्हणून तर मी इथवर आलो!" त्यानं फ्रेम काढली. "म्हणजे नेपच्यून डेपोतच आहे."

"अभिनंदन."

"आणि तुमच्या दारात काहीच नाही." हे तो इतक्या खऱ्या दुःखानं म्हणाला की मला हसू आवरेना. ज्याच्यासाठी मी बादली ओतणार होते, त्या ग्रहासाठी आता मलाच वाईट वाटायला लागलं होतं.

नवा चष्मा न्यायला तो दोन दिवसांनी आला. घातला, आरशात बघितलं, पैसे दिले, आणि निघायच्या ऐवजी काउंटरवर कोपर टेकून उभा राहिला.

"मी विचार केला," तो म्हणाला. "नेपच्यूनच्या पुढे जग संपत नाही."

"आमच्या बेकरीवाल्या काकांना सांगा. डेपोच्या पुढे कुणी येतच नाही म्हणून रोज रडतात."

"तेच तर. प्लूटो आहे ना! त्याची वाट गोल नाही, अंड्यासारखी लांबट आहे. कधी तो सूर्याच्या जवळ असतो, कधी खूप लांब. आपल्या मापात डेपोपासून पार पुलापर्यंत कुठेही. म्हणजे त्याचा खांब या सगळ्या पट्ट्यात कुठेही लावला तरी बरोबरच." त्यानं पायरीकडे बोट दाखवलं. "तिथेसुद्धा."

"आणि आज कुठे आहे तो? खरं सांगा."

तो चुळबुळला. "आज... लाँड्रीच्या आसपास."

"आणि माझ्या दारात कधी पोचणार?"

"दहाएक वर्षांत."

"मग दहा वर्षांनी या," मी म्हटलं. "आणि तसंही तो ग्रह नाहीच. मी शाळेत होते तेव्हा होता. आता काढून टाकलाय."

"काढून टाकला म्हणजे काय? कुणाच्या सांगण्यावरून आहे ते नाहीसं होतं का? गोल आहे, सूर्याभोवती फिरतो, स्वतःचे चंद्र आहेत. आणखी काय पाहिजे?"

"वाटेतला पसारा आवरायला पाहिजे. नियमच आहे तसा. आपल्या वाटेवर ज्याचं चालतं तो ग्रह. या तुमच्या प्लूटोच्या वाटेवर त्याच्यासारखेच किती धोंडे लोळतायत. ज्याला स्वतःची खोली आवरता येत नाही त्याला मी तरी घरातला कर्ता म्हणणार नाही."

"माझी खोली तुम्ही बघितली नाहीये, म्हणून बरंय."

बाबा आतून, काच घासायच्या मशीनमागून, खोकले. बाबांचा एक खोकला सर्दीचा असतो आणि एक मुलीचा. हा दुसरा होता.

मग तो येतच राहिला. कधी चाक घेऊन, कधी फीत घेऊन, कधी "जरा या पायरीची उंची बघतो" म्हणून. मापायचं काम संध्याकाळपर्यंत आटपायचं, तो साडेपाचच्या सुमाराला दुकानात टपकायचा आणि आमचं भांडण जिथे थांबलं असेल तिथून पुढे सुरू व्हायचं. मी त्याला चाकवाले म्हणायला लागले होते. तो मला डॉक्टर म्हणायचा. मी डॉक्टर नाही, चष्मेवाली आहे, असं सांगून सांगून माझी जीभ झिजली.

"प्लूटोला घेतलं तर त्याच्यापलीकडच्या एरिसलाही घ्यावं लागेल," मी म्हणायचे. "ती जवळजवळ तेवढीच आहे. मग तिच्यापलीकडचे, आणि त्यांच्यापलीकडचे. आपल्या मापात एरिस कुठे येईल?"

"पुलापुढच्या टेकडीच्या पलीकडे."

"आणि सगळ्यात लांबचे?"

"त्यांच्यासाठी पुढच्या गावात जावं लागेल," तो डोळे चमकवत म्हणायचा. "कल्पना करा ना. माणूस चालतोय, चालतोय, काहीच नाही. नुसता रस्ता. आणि मग एका शेताच्या बांधावर एक खांब, त्यावर मोहरीएवढा दाणा. एवढ्या लांब, एवढ्या थंडीत, तरी तो इथल्याच सूर्याभोवती फिरतोय. त्याला आपल्यातला नाही म्हणायचं?"

तो असं बोलायला लागला की मी काच पुसायचं विसरून जायचे. पटायचं मात्र नाही. आपल्यातला आहे हे मान्य, पण म्हणून तो ग्रह कसा? मला नंबर म्हणजे नंबर. एखाद्याचे डोळे कितीही सुंदर असले तरी मी त्याचा नंबर दयेपोटी कमी लिहीत नाही.

एका संध्याकाळी तो आला तो चाकाशिवाय, आणि चेहरा पडलेला. "डेपोचा खांब उद्या बसतोय," तो म्हणाला. "ग्रहपथाच्या समितीत वाद चाललाय. पथ नेपच्यूनपाशी थांबवायचा, की लांबच्यांनाही घ्यायचं. शनिवारी वाचनालयात सभा आहे. लांबचे घेतले तर टेकडीच्या पलीकडपर्यंत मोजणी, म्हणजे मला अजून तीन-चार महिने इथे काम आहे. नाही घेतले तर..."

"तर?"

"माझं काम संपलं. मी माझ्या गावी."

मी काउंटरवरच्या चष्म्यांच्या फ्रेमा नीट लावायला घेतल्या. त्या आधीच नीट होत्या.

दुसऱ्याच दिवशी बेकरीवाले काका, लाँड्रीवाली वहिनी आणि रस्त्यावरचे आणखी चार जण दुकानात येऊन उभे राहिले. खांब आला तर लोक डेपोच्या पुढे येतील, चार पाव जास्त खपतील, हे सगळ्यांना कळलं होतं. सभेत आपल्या बाजूनं बोलायचं कुणी, तर अर्थात जिची जीभ या रस्त्यावर सगळ्यात लांब तिनं. मी नाही म्हणून बघितलं. पण खरं सांगायचं तर मला तो खांब हवा होता. काकांच्या पावांसाठी नव्हे. साडेपाच वाजता दारात चाकाचा आवाज यावा म्हणून हवा होता, आणि हे मी बाबांनाही सांगू शकत नव्हते.

सभेला वाचनालयाचा हॉल भरला होता. खिडकीतून अंगणातला पितळी सूर्य दिसत होता. टेबलामागे ग्रंथपालबाई, नगरपालिकेचे इंजिनियर आणि माझ्याच शाळेतले विज्ञानाचे निवृत्त सर. चाकवाले भिंतीला टेकून उभे होते. मी दिलेला नवा चष्मा त्यांच्या नाकावर होता.

मी उठले आणि बोलले. बरं बोलले, असं लोक अजून म्हणतात. प्लूटो गोल आहे, त्याच्यावर बर्फाचे डोंगर आहेत, विरळ का होईना पण हवा आहे. त्याला पाच चंद्र आहेत, पृथ्वीला एक. असल्या गुणाच्या पोराला आपण दारातून परत पाठवायचं का? काकांनी जोरात टाळी वाजवली. वहिनीनं डोळ्याला पदर लावला. मी खाली बसणार, एवढ्यात सर म्हणाले, "छान मांडलंस, बाळ. आता मला एक सांग. तुझं स्वतःचं मत काय? तो ग्रह आहे?"

झालं. सरांना खोटं सांगायची मला शाळेतही कधी सवय झाली नाही. मी चाकवाल्यांकडे बघितलं. त्यांना माझं मत ठाऊक होतं, रोज संध्याकाळी ऐकत होते की ते. एक 'हो' म्हटलं असतं तर तीन-चार महिने पदरात पडले असते. पण ज्या माणसाला मी पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलं होतं की तुला आठ दिसत नाही, त्याला ठेवून घ्यायला मी आता सगळ्यांसमोर शून्याचं आठ करायचं?

"नाही," मी म्हटलं.

खोलीत कुजबुज झाली. काकांनी कपाळावर हात मारला.

"मला नाही वाटत तो ग्रह आहे, सर. म्हणून तो बिचारा आहे असंही नाही. त्याला काय, तो जिथे आहे तिथे मजेत आहे. पण त्याला ग्रह म्हणायचं तर नियम वाकवावा लागतो, आणि तो मी वाकवत होते कारण... मला तो खांब आमच्या दाराशी हवा होता."

"धंद्यासाठी ना? समजू शकतो," इंजिनियर मोठ्या मनानं म्हणाले.

"नाही. धंद्यासाठी नाही."

ग्रंथपालबाईंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे, आणि चष्मा काढून पुसायला लागल्या. माझे कान तापले होते. भर सभेत मी काय बोलून बसले ते मला बोलल्यानंतर कळलं. मी सरळ बाहेर पडले.

निकाल काकांकडून कळला. पथ नेपच्यूनपाशी संपणार. काकांनी तो सांगितला आणि मग माझ्याशी बोलणं सोडलं.

दुसऱ्या दिवशी चाकवाले आले नाहीत. तिसऱ्याही दिवशी नाहीत. साडेपाच वाजायचे आणि मी दाराकडे बघायचे. शेवटी मीच डेपोपर्यंत जाऊन आले. खांब बसला होता, छान निळा, वर लिंबाएवढा नेपच्यून. आसपास मोजणारं कुणी नव्हतं. परत येताना मला पहिल्यांदा त्या नियमाचा राग आला. आणि स्वतःचाही, की हे असलं खरं बोलून मिळवलं काय?

"चहा घे," बाबा म्हणाले. मी नको म्हटलं. "पोरी, तू खोटं बोलली असतीस ना, तर तीन महिने त्याच्याकडे बघताना तुला तेच आठवलं असतं," एवढंच बोलून ते मशीनकडे वळले. बाबा वर्षातून एकदा असं काहीतरी बोलतात.

चौथ्या दिवशी दुपारी दार उघडलं. मी मान वर केली आणि हातातला बारीक स्क्रूड्रायव्हर खाली पडला.

त्याच्या हातात चाक नव्हतं, फीत नव्हती, काहीच नव्हतं. रिकाम्या हातांचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं. त्यानं ते आधी खिशात घातले, मग बाहेर काढले.

"काय मोजायला आलात?" मी विचारलं.

"काही नाही. मोजायचं काही उरलंच नाही ना. तुम्ही संपवलंत."

"रागावलात?"

"एक दिवस रागावलो होतो. मग ताईकडे गेलो. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, तिनंच वाढवलंय मला. तिला सांगितलं की एक मुलगी आहे, तिनं माझं चार महिन्यांचं काम एका वाक्यात घालवलं."

"मग?"

"ताई म्हणाली, भारी दिसतेय, कोण आहे ती?"

मी खाली वाकून स्क्रूड्रायव्हर शोधायला लागले. तो माझ्या पायाशीच होता, पण मला वेळ हवा होता.

"सांगितलं तिला सगळं," तो म्हणाला. "की ती भांडकुदळ आहे. तिचं प्लूटोबद्दलचं मत साफ चूक आहे, आणि ते मी शेवटपर्यंत मान्य करणार नाही. पण तिनं जेव्हा सगळ्यांसमोर 'नाही' म्हटलं ना... तेव्हा मला कळलं, की ही कधी 'हो' म्हणाली, तर तेही खरंच असेल." त्यानं काउंटरला हात टेकले. "इतके दिवस मी इथे कसली ना कसली सबब घेऊन आलो. पायरीची उंची, खांबाची जागा. आज सबब नाहीये. नुसता आलोय. पुढचं काम कालव्याच्या मोजणीचं आहे, इथून दोन तासांवर. रोज जाऊन येऊन करीन म्हणतो. चालेल का?"

"रोज चार तास प्रवास? कशासाठी?"

"आता तेही मीच सांगू?"

ज्या जिभेला सगळा रस्ता घाबरतो, ती टाळूला चिकटून बसली. मी स्क्रूड्रायव्हर काउंटरवर ठेवला. पुन्हा उचलला. पुन्हा ठेवला. आतलं मशीन केव्हाचं बंद झालं होतं. बाबांनी श्वाससुद्धा रोखून धरला असावा.

"हो," मी म्हटलं. आणि एकदा सुटल्यावर मग थांबताच येईना. "हो, चालेल. आणि मला तुम्ही आवडता, चाकवाले. त्या शनिवारी सगळ्या गावाला कळलं, तुम्हालाच काय ते ऐकायचं राहिलंय."

त्यानं नुसता माझा हात हातात घेतला, काउंटरवरून, चष्म्यांच्या मधून, आणि दोन फ्रेमा खाली पाडल्या.

"पाडा, सगळंच पाडा," बाबा आतून म्हणाले. "आणि जा आता बाहेर दोघं. मला काम आहे."

आम्ही पायरी उतरलो. डावीकडे डेपो होता, नेपच्यूनचा निळा खांब, आणि त्याच्या मागे शनी, गुरू करत थेट वाचनालयापर्यंतचा सगळा आखलेला, मोजलेला रस्ता. काका बेकरीच्या दारातून बघत होते, न बघितल्यासारखं करत.

"कुठे जायचं?" त्यानं विचारलं.

मी त्याला उजवीकडे ओढलं. तिकडे पूल होता, पुलापुढे टेकडी होती आणि खांब एकही नव्हता.

"पण एक सांगून ठेवतो," चालता चालता तो म्हणाला. "तो ग्रहच आहे."

"नाही."

"आहे."

"अरे, तुला एकदा सांगून कळत नाही का?" मी म्हटलं, आणि त्याचा हात आणखी घट्ट धरला.